बंद पडलेलं यंत्र आणि थांबलेलं यंत्र: पनामाची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

विषय मामामुळे सुचला. त्याच्याकडे जुनी पोकलेन आहे. मागच्या दिवाळीत म्हणाला, "विकतो ही. कर्ज काढून नवी घेतो. निम्मा दिवस नुसती उभी असते."

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. विचारलं, "उभी म्हणजे बिघडून, की कशाची तरी वाट बघत?" मामा गप्प. मला पनामा आठवला.

पनामा कालवा फ्रेंचांनी १८८१ मध्ये खणायला घेतला. १८८९ मध्ये त्यांची कंपनी बुडाली. मे १९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतलं, तेव्हा वारशात मिळाली जुनी इंजिनं, छोट्या वाघिणी आणि गाळ काढणारी ड्रेजर जहाजं. पहिले मुख्य अभियंते जॉन वॉलेस यांच्यावर खोदकाम लवकर दाखवायचा दबाव होता. त्यांनी वाफेवर चालणारी मोठी, नवी खोदयंत्रं कुलेब्राच्या डोंगराला लावली. तरी वेग येईना.

कारण खोदलेली माती न्यायला गाडीच वेळेवर नसायची. रूळ कमजोर, वाघिणी लहान, गाड्या सारख्या घसरायच्या. यंत्र धडधाकट, कोळसा जळतोय, पगार चालू, आणि काम ठप्प!

जुलै १९०५ मध्ये जॉन स्टीव्हन्स आले. मुरलेला रेल्वेवाला माणूस. त्यांनी पुढच्याच महिन्यात खोदकाम थांबवलं. आधी रोगराईचा बंदोबस्त, कामगारांची घरं आणि रेल्वे. जड रूळ टाकले, दुहेरी मार्ग केला, मोठ्या वाघिणी आणल्या. सपाट वाघिणींवरून दोराने नांगर ओढून अख्खी गाडी काही मिनिटांत रिकामी व्हायला लागली. आमच्या भाषेत, बॉटलनेक खोदयंत्रात नव्हताच, तो रुळांवर होता.

म्हणून जुनं सगळं भंगारात गेलं का? नाही. ज्या छोट्या वाघिणींमुळे महागडी यंत्रं खोळंबत होती, त्यांच्या जागी मोठ्या आल्या. फ्रेंचांची काही ड्रेजर मात्र दुरुस्त करून वापरली. आणि गंमत बघा, ७ जानेवारी १९१४ रोजी कालवा पहिल्यांदा पूर्ण पार केला तो 'अलेक्झांद्र ला व्हॅली' या फ्रेंचांच्याच जुन्या क्रेनबोटीने!

मामाला मी वहीत दोन रकाने करायला सांगितले: 'बिघाड' आणि 'डंपरची वाट'. पंधरा दिवसांत दुसराच रकाना भरला. नवी पोकलेनसुद्धा त्याच डंपरची वाट बघत उभी राहिली असती, वर दर महिन्याचा हप्ता. मामाने अजून एक डंपर भाड्याने लावला. उद्या पहिला रकाना भरायला लागला, तर नवी घ्यायचा विचार करू.

तोवर कर्ज नाही. मामी जाम खूश आहे.

भेटू पुढच्या भागात!