छावणीचा योगक्षेम आणि वऱ्हाडचा महसूल

वाशिम जिल्ह्यात आज कोठेही लष्कराची छावणी नाही. तथापि १८५३ पासून पुढे पन्नास वर्षे ज्या फौजेच्या पगारापाण्यासाठी, घोड्यांच्या दाणावैरणीसाठी आणि एकंदर योगक्षेमासाठी वऱ्हाडचा महसूल लावून दिलेला होता, त्या फौजेचे एक प्रमुख ठाणे वाशिमच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर, हिंगोली येथे होते. आणि म्हणून या भूभागाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने, ज्या छावणीची एक भिंतही आपल्या सीमेत नाही, त्या छावणीच्या व्यवस्थेचा विचार करणे अपरिहार्य ठरते. लढायांची वर्णने विपुल आहेत, सेनापतींची चरित्रेही आहेत. परंतु हजारो माणसे व जनावरे एके ठिकाणी वर्षानुवर्षे ठेवायची म्हणजे पाणी कोठून आणायचे, छपरे कोणी शाकारायची, दारूगोळा कोरडा कसा ठेवायचा आणि या सर्वांचा पैसा कोणाच्या गाठीचा, या प्रश्नांची उत्तरे बखरींत आणि तहनाम्यांत विखुरलेली राहिली. ती एकत्र करून पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट दिसते: ठाण्याची देखरेख ज्या राज्याने स्वतःचे काम मानून चोख ठेवली, त्या राज्यात सभोवतीची रयत निर्धास्त राहिली, आणि जेथे ती ढासळली किंवा तिचा हिशेब दृष्टीआड झाला, तेथे तो भार अखेरीस कुणब्याच्या खळ्यावर येऊन पडला.

या विषयाचा अत्यंत प्राचीन पुरावा वाशिमच्याच भूमीने दिलेला आहे. वत्सगुल्म या नावाने हे नगर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असताना, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्यकालाच्या ३७ व्या वर्षी नांदेडकडील एक गाव ब्राह्मणांना दान दिले. त्याचा ताम्रपट वाशिमला सापडला असून त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा तपशील बव्हंशी प्राकृतात आहे. धर्मदानाच्या या लेखात त्या गावाला दिलेल्या माफीची जी दीर्घ यादी आहे, ती वाचताना तत्कालीन फौजेची आणि अंमलदारांची फिरती व्यवस्था डोळ्यांपुढे उभी राहते. या गावात सैनिकांनी प्रवेश करू नये, गावाकडून खाटा मागू नयेत, कातडी आणि कोळसा घेऊ नये, फुले व दूध उकळू नये, अशा आशयाची ही कलमे आहेत. माफी ज्याची द्यावी लागते ती वसुली इतरत्र चालू असते, हे उघडच आहे. शिपाई मुक्कामाला आला की त्याची खाट, त्याचे जळण आणि त्याच्या आसनाचे कातडे गावाने पुरवायचे, हीच त्या काळची बराक व हेच कोठार होते. आणि राजाच्या कृपेने एखादे गाव त्यातून सुटले, तर शेजारच्या गावांना ते चुकत नव्हते.

पुढे मुसलमानी अमदानीत वऱ्हाडात बांधीव ठाण्यांचे माहात्म्य वाढले. सातपुड्यातील गाविलगड आणि नरनाळा या दुर्गांची प्रतिष्ठा बहमनी सुलतानांच्या काळापासूनची आहे, आणि नरनाळ्याच्या माथ्यावर आजही दिसणारे तलाव हे त्या दुर्गाच्या तटाइतकेच त्याच्या सामर्थ्याचे साधन होते. अकबराच्या अमदानीत वऱ्हाडच्या सुभ्यातील एक सरकार म्हणून वाशिमची नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे, आणि या प्रदेशातील बाणेदार हटकर जमातीजवळ १००० स्वार व ५००० प्यादे असल्याचेही अबुल फजलने नमूद केले आहे.

तथापि फौजेच्या मुक्कामाची देखरेख हा रयतेच्या रक्षणाचा विषय आहे, हे तत्त्व जितक्या स्वच्छपणे शिवाजी महाराजांच्या एका पत्रात प्रकटले आहे, तितके ते अन्यत्र क्वचितच आढळेल. १६७३ च्या उन्हाळ्यात चिपळूण तर्फेतील हलवर्ण येथे घोडदळाची छावणी पडली होती आणि पावसाळा तोंडावर आला होता. त्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून महाराजांनी जे लिहिले, त्यात शौर्याचा एक शब्द नाही. आहे तो दाण्यावैरणीचा आणि विस्तवाचा विचार. साठा पावसाळाभर पुरवायचा आहे. आज मनास येईल तसा उधळला तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि मग शिपाई कुणब्यांच्या घरांतून दाणा, भाकर, गवत, फाटे, भाजीपाला उचलू लागतील. तसे झाले तर मोगल बरे होते असे म्हणण्याची पाळी रयतेवर येईल, असा तो इशारा आहे. त्याहून सूक्ष्म निरीक्षण पुढे येते: कोणी उघड्यावर चुली पेटवतील, कोणी वारा न पाहता चिलीम ओढतील, कोणी रात्री दिवा तेवत ठेवतील आणि त्याची वात एखादा उंदीर ओढून नेईल, गवताच्या एका गंजीने पेट घेतला तर सर्व गंज्या व लहानथोर खण जळून जातील, आणि मग कुणब्यांच्या किंवा कारकुनांच्या माना मारल्या तरी वैरणीची एक काडी मिळणार नाही. राज्यसंस्थापकाने उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करावा, यातच देखरेखीच्या कलेचे मर्म आहे: अनर्थ घडण्यापूर्वीच त्याची वाट बुजवणे हे तिचे मुख्य कर्तव्य होय.

हाच विवेक मराठी दुर्गांच्या कारभारात बांधेसूदपणे उतरला. गडावर हवालदाराच्या हाती हुकमत, सबनिसाच्या हाती दफ्तर व हजिरी, आणि कारखानिसाच्या हाती धान्य, दारूगोळा व साहित्याची कोठारे, अशी सत्तेची विभागणी असे, जेणेकरून एकाच्या लबाडीने ठाणे बुडू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरण हे या व्यवस्थेचे शास्त्रच म्हणावे लागेल. पाणी पाहिल्यावाचून गड बांधू नये, एका झऱ्यावर विसंबून न राहता राखीव टाकी असावीत, दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारू वरचेवर उन्हात वाळवून पुन्हा मोहोरबंद ठेवावी, आणि केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळून त्या राखेवर परसातला भाजीपाला वाढवावा, असे तपशील एका अमात्याने राजनीतीच्या ग्रंथात घालावेत, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या गांभीर्याची साक्ष आहे.

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडाने याच्या उलट चित्र पाहिले. वऱ्हाड ज्याच्या राज्यात होता त्या हैदराबादच्या निजामाच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात, निजामाच्या खर्चाने परंतु इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखाली, नव्या पद्धतीची जी फौज उभी राहिली तीच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. फौज एकाची आणि हुकूम दुसऱ्याचा, अशा या रचनेत खर्चाला लगाम घालण्याची गरज हुकूम देणाऱ्याला भासत नव्हती, आणि खर्च देणाऱ्याला तशी सत्ता नव्हती. पगार तुंबू लागले तेव्हा दिवाण चंदुलाल यांनी पामर आणि कंपनीसारख्या पेढ्यांकडून भारी व्याजाने कर्जे काढली. वऱ्हाडचा महसूल सावकारांकडे मक्त्याने व तारणाने जाऊ लागला. पुरणमल सावकार आणि त्यानंतर पेस्तनजी यांच्या ताब्यात या मुलखाचे परगणेच्या परगणे गेले. ज्याला मुलूख थोड्या वर्षांपुरताच मिळाला आहे, त्याने विहीर बांधण्यापेक्षा वसुलीची निकड करावी, हे क्रमप्राप्तच होते.

अखेर कर्जाच्या थकबाकीचे निमित्त होऊन १८५३ च्या मे महिन्यात तह झाला आणि कर्नल लो या रेसिडेंटाच्या मध्यस्थीने वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिवकडील मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेले. किमान ५००० पायदळ, २००० घोडदळ आणि तोफखान्याच्या ४ बॅटऱ्या पोसणे हे त्या तहाचे प्रयोजन होते. बोलारम, औरंगाबाद, एलिचपूर, मोमिनाबाद, हिंगोली अशा ठाण्यांतून ही फौज विखुरलेली होती. प्रारंभी वऱ्हाडचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग करून दक्षिण भागाचे मुख्य ठिकाण हिंगोलीलाच ठेवले होते. म्हणजे वाशिमच्या मामल्याचा महसुली कारभार आणि त्या महसुलावर जगणारी छावणी ही काही वर्षे एकाच गावी नांदत होती. १८५७ नंतर हिंगोलीचा भाग निजामाकडे परत गेला. छावणी मात्र तेथेच राहिली.

त्या काळच्या छावणीच्या अंतर्व्यवस्थेत गोऱ्या पलटणींसाठी बराकी सरकार बांधी, तर देशी शिपायाने आपली झोपडी ‘लाईनी’त स्वतःच उभारायची आणि त्यासाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या भत्त्यात भागवायचे, असा रिवाज होता. कवायतीचे मैदान, दारूखाना, इस्पितळ, तबेले, सदर बाजार, विहिरी, आणि या सर्वांच्या सेवेत गवंडी, सुतार, लोहार, भिस्ती व सफाईचे कामगार अशी ही एक वस्तीच असे. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत सरकारी इमारतींचे काम जुन्या मिलिटरी बोर्डाकडून काढून नव्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सोपवले गेले. १८६३ साली हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याविषयी शाही आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. गोऱ्या शिपायांत दर हजारी प्रतिवर्षी सरासरी ६९ मृत्यू घडतात, आणि त्यांतील बहुसंख्य शत्रूच्या हातून नव्हे तर दूषित पाणी, तुंबलेली गटारे व कोंदट बराकी यांमुळे घडतात, हे त्यातून जगापुढे आले, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्या सामग्रीवर आपले तीव्र अभिप्राय लिहिले. अमात्यांनी दीड शतकापूर्वी सांगितलेले पाण्याचे व केराचे महत्त्व साम्राज्याला अशा रीतीने प्रेतांची गणती करून शिकावे लागले.

परंतु ज्या वऱ्हाडच्या नावे हा खर्च पडत होता, त्याच्या हाती हिशेब कितपत होता? १८५३ च्या तहाप्रमाणे जमाखर्च निजामास दाखवणे इंग्रजांवर बंधनकारक होते. १८६० च्या तहाने निजामाचे सुमारे ५० लक्षांचे कर्ज माफ झाले, आणि त्याबरोबरच हिशेब मागण्याचा हक्कही संपला. शिल्लक राहील ती निजामास द्यावी, एवढेच उरले. आणि शिल्लक किती राहावी हे खर्च करणाराच ठरवू लागला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून पुढे वर्षानुवर्षे जो लढा दिला, त्याच्या मुळाशी हे शल्य होते. १८७५ साली वाशिमचा स्वतंत्र जिल्हा झाला. १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड सालिना २५ लक्ष रुपयांच्या खंडाने कायमचा इंग्रजांकडे गेला. १९०३ साली कंटिंजंट हिंदी फौजेत विलीन होऊन हिंगोलीची छावणी उठली, आणि १९०५ साली वाशिमचा जिल्हाही मोडला गेला, तो पुन्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला.

छावण्यांच्या इमारती व पाणीपुरवठ्याच्या देखरेखीसाठी पुढे १९२३ साली मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस ही यंत्रणा स्थापन झाली आणि स्वतंत्र भारताने तीच पुढे चालवली. कामठीसारख्या, १८२१ पासून नांदत आलेल्या विदर्भातील छावणीत आज गॅरिसन इंजिनिअर व त्याच्या हाताखालचे कनिष्ठ अभियंते, पंपचालक, वीजतंत्री, सुतार व प्लंबर जे काम करतात, त्यात कारखानिसाचे कोठार, आबदारखान्याचे पाणी आणि गवंड्याचा ओळंबा ही तिन्ही एकवटलेली आहेत. पंपहाऊसच्या लॉगबुकात दर पाळीला होणारी नोंद, तक्रारवहीत क्वार्टरच्या गळक्या छपराची तारीखवार नोंद, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई आणि दारूगोळ्याच्या कोठारावरील वीजरोधकाची तपासणी ही कामे संचलनात कोणाला दिसत नाहीत. आणि ती नियमाने होत असतात तोवर त्यांची वार्ताही होत नाही. मात्र त्या नोंदी ठरावीक अधिकाऱ्याच्या सहीने होतात आणि त्यांवरील खर्च लोकसभेने मंजूर केलेल्या व लेखापरीक्षणास पात्र अशा पैशातून होतो, हे वत्सगुल्मापासून हिंगोलीपर्यंतच्या प्रवासाच्या पार्श्वभूमीवर सामान्य यश नव्हे. छावणीची खाट आता गावाला द्यावी लागत नाही, आणि तिचा हिशेबही कोणा एकाच्या मर्जीवर राहिलेला नाही.

वाशिमच्या इतिहासाची नवी मांडणी करताना वाकाटकांच्या वैभवाबरोबर, ज्या कुणब्यांच्या साऱ्यावर हिंगोली व एलिचपूरची ठाणी उभी राहिली, त्यांचेही प्रकरण त्यात असले पाहिजे. त्यासाठीची साधने ताम्रपट, तहनामे, गॅझेटियर आणि महसुली दफ्तरे यांत उपलब्ध आहेत. ती एका सूत्रात ओवण्याचे काम या जिल्ह्यातील अभ्यासकांनी हाती घ्यावे. देशाचे रक्षण करणाऱ्या फौजेला पाणी, छप्पर आणि कोरडी कोठारे पुरवणारा माणूस, आणि त्याचा पैसा भरणारी रयत, या दोघांच्या नोंदीवाचून कोणत्याही मुलखाचा लष्करी इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.