सोडाल्याच्या नळाचे पाणी

मी मूळची पुरंदरची. लग्नानंतर जयपूरच्या सोडाल्यात राहायला आले. इथे अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले. दुष्काळी गावातली सवय म्हणून पाणी आले की अजूनही आधी पिण्याचे भरून ठेवते. पण हे पाणी येते कुठून, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

सोडाल्याजवळून द्रव्यवती नदी वाहते. नाहरगडच्या डोंगरांतून निघून ती दक्षिणेला ढूंढ नदीला मिळते. लोकांच्या तोंडी मात्र तिचे नाव 'अमानीशाह का नाला'. सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात याच प्रवाहाचे पाणी उपसून शहराला नळाने दिले जाई. पुढे त्यात गटारांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळले. १९०३ मध्ये पुरे झालेल्या रामगड धरणानेही जयपूरला पाणी दिले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतल्या नौकाशर्यती तिथेच झाल्या. मग पाणलोटातले ओढे अडवले गेले, अतिक्रमणे झाली आणि धरण कोरडे पडले.

जवळचे पाणी असे घालवल्यावर शहर बनास नदीकडे वळले. टोंक जिल्ह्यातल्या बीसलपूर धरणाचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून २००९ पासून जयपूरला येते. त्याआधी, १३ जून २००५ रोजी, याच धरणाचे पाणी शेतीला मागत टोंकच्या शेतकऱ्यांनी सोहेला येथे महामार्ग अडवला होता. पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे मेली.

२००९ मध्येच एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर होता. सामाईक पाणी वापरणारी माणसे स्वतः नियम करून ते पाळू शकतात, हे त्यांनी दाखवले. त्यांनी नोंदवलेली एक अट महत्त्वाची: ज्यांना नियम लागू होतात, त्यांना ते ठरवण्यात वाटा हवा.

हे वर्गात शिकवताना मला माझा तालुका आठवे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावात पाणी पंचायतीचे काम उभे केले. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने मिळे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क होता आणि उसाला मनाई.

नायगाव हे एक गाव. तिथली माणसे एकमेकांना ओळखत होती. बीसलपूरच्या पाण्यात एका बाजूला राजधानी आहे, दुसऱ्या बाजूला शेतकरी, आणि वाटप ठरवणारे सरकार राजधानीत बसते. त्यामुळे गावाचा नियम इथे जसाच्या तसा बसणार नाही, हे मला कळते. पण शहराला प्यायला पाणी हवेच, एवढे म्हणून प्रश्न संपत नाही. आपले नाले आणि तलाव घालवून बसलेल्या शहराने दुसऱ्याचे पाणी घेताना त्याच्याशी बोलायला तरी हवे.

पावसाळ्यात जयपूरकरांना एक आकडा पाठ असतो: ३१५.५० मीटर, म्हणजे बीसलपूर काठोकाठ भरल्याची पातळी. तो गाठला की आमच्या गल्लीत आनंद होतो. मलाही होतो. सोहेलाचे नाव मात्र गल्लीत कोणी काढत नाही. मीही वर्गाबाहेर कधी काढले नव्हते.