फॉस्टर यांची मुद्राक्षरे : तळटीप

१. मायल्स बर्केट फॉस्टर (१८२५–१८९९) यांच्या सरे परगण्यातील ग्रामीण जलरंगचित्रांच्या कोपऱ्यात ‘बीएफ’ ही जोडाक्षरी खूण असते. तरी कर्तृत्व ठरवताना हा पुरावा सर्वांत कच्चा मानावा, कारण नकलाकारांनी ती सर्रास उचलली. हात ओळखायचा तो रंगलेपनावरून. फॉस्टर लाकडी ठशांचे कोरीवकाम शिकलेले. म्हणून पाने, गवत, मेंढ्यांची लोकर ते अपारदर्शक पांढरा मिसळून, बारीक ठिपक्यांनी घडवतात. नकलेत ठिपके असतात, पण त्यांतून आकार उभा राहत नाही. ‘व्हॉटमन’ कागदाच्या जलचिन्हातील वर्ष निर्णायक आहे, असे कोणी म्हणेल. परंतु चित्र त्या वर्षाआधीचे नाही, एवढेच ते सांगते. जुना कोरा कागद नकलाकारालाही मिळतो. खुणेवाचून बाजारात भाव येत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. उजेडाने नीळ उडून आभाळ तांबूस झाले, तर अस्सल चित्राचेही मोल घसरते; प्रकाशाने जलरंग विटतात हे रसेल व ॲबनी यांच्या १८८८च्या अहवालाने प्रयोगांनी दाखवले होते. सबब मूल्यांकनात आधी लेपन, मग कागद व रंगांची अवस्था पाहावी, मुद्राक्षरे शेवटी.