साल आणि साग

सागाचे आपणां मराठी माणसांना मोठे कौतुक. तुळया सागाच्या, दारे सागाची, देव्हारासुद्धा सागाचाच! तेव्हा सागाची रोपे कोणी मुद्दाम उपटून टाकली असे ऐकले, की चमत्कारिक वाटते. सिंहभूममध्ये १९७८ साली हे घडले.

छोटानागपूरचे मुंडा आणि त्यांचे भाऊबंद हो यांचा जमिनीचा रिवाज फार जुना. ज्या कुळाने पहिल्याने रान तोडून गाव वसविले, ते कुळ गावाचे धनी. शेताचे तसेच भोवतालच्या रानाचेही. याला खुंटकट्टी म्हणतात. कागद नाही, सनद नाही. पुरावा कसला, तर ससनदिरीचा, म्हणजे पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या शिळांचा. आपण सातबारा जपतो ना, तसे ते हे दगड जपतात. १८७८ च्या वनकायद्याने सरकारने राने राखीव केली. बिरसा मुंडांच्या उठावानंतर १९०८ च्या कुळकायद्यात मुंडांच्या खुंटकट्टीला मान्यता मिळाली खरी, पण राखीव रान सरकारकडेच राहिले.

तरीही त्या रानात साल होता. सालाच्या पानांच्या पत्रावळी, बियांचे तेल, काडीचे दातवण. आणि फुले आल्याशिवाय तर वसंताचा सणच नाही. पुढे बिहारच्या वनविकास महामंडळाने साल तोडून साग लावायला घेतला. सालाचे बी थोड्या दिवसांतच उगवण्याची शक्ती गमावते. साग मात्र रोपवाटिकेत सहज तयार होतो आणि बाजारात भाव खातो. हिशेब सरळ होता! पण सागाचे पान गुरे खात नाहीत, आणि लाकूड तर डेपोत जायचे. गावकऱ्यांच्या वाट्याला काय, सावली?

दोष सागाचा नव्हे हं. चांदा-मेळघाटात तो आपल्या घरीच आहे. येथे तो धन्याला न विचारता आला.

‘साल म्हणजे झारखंड, साग म्हणजे बिहार’ अशी भावना पसरली. रोपवाटिका उद्ध्वस्त झाल्या, पोलिसांच्या गोळ्या झडल्या. ८ सप्टेंबर १९८० रोजी गुआ येथे तर माणसे मेली. २००० साली झारखंड वेगळे झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत दाव्याचे पुरावे सांगितले आहेत. त्यांत वडीलधाऱ्यांची जबानी आहे, आणि जुनी दफनभूमीही आहे.