समांतर बॅटऱ्या आणि लपलेली आजारी

आजचा भाग शिशाच्या बॅटरीच्या इतिहासावर आहे. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे सगळं लिहूनही देतोय.

आधी प्रश्न सांगतो. ऑफिसच्या यूपीएसमधून निघालेल्या जुन्या बॅटऱ्या स्वस्तात मिळतात. तीन घेतल्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडला आणि इन्व्हर्टरला लावल्या. मल्टिमीटर धरला तर तिन्हींवर १२.६ व्होल्ट. झकास! पण यातली एखादी आतून मेलेली असली, तर हा आकडा ते सांगणार आहे का?

नाही सांगणार. आणि बॅटरीच्या आत काय चाललंय हे बाहेरून कसं ओळखायचं, हा प्रश्न बॅटरीइतकाच जुना आहे.

१८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी शिशाचे दोन पातळ पत्रे घेतले, मध्ये कापड घातलं, अळूवडीसारखी गुंडाळी केली आणि ती सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उभी केली. पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली कामाची बॅटरी ती हीच. पुढच्या वर्षी त्यांनी असे नऊ सेल पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवले, आणि ते नऊही समांतर जोडलेले होते. घरोघरी वीज नव्हती, त्यामुळे चार्जिंगसाठी प्लांते बुन्सेन सेल वापरत. दोन बुन्सेन सेलच्या दाबावर शिशाचा एकच सेल चार्ज होऊ शकतो. पण समांतर जोडले तर त्याच दोघांवर हळूहळू कितीही भरता येतात. सगळे भरले की प्लांते एक स्विच फिरवून तेच सेल एकसर जोडणीत आणत आणि मोठा दाब मिळवत. मला हे फार आवडतं. हार्डवेअर तेच, फक्त जोडणी बदलायची!

आता शाळेतलं पुस्तक आठवा. एकसर जोडणीत प्रत्येक सेलचा दाब वेगळा मोजता येतो, त्यामुळे दुबळा सेल लगेच उघडा पडतो. समांतर जोडणीत सगळ्यांचा दाब एकच होतो, कारण तारेने त्यांना तसं बांधूनच ठेवलेलं असतं. दुबळा आपल्या शेजाऱ्यांच्या आड लपतो.

१८८१ मध्ये कामिय फोर यांनी शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला. हे लाल ऑक्साइड म्हणजे आपला शेंदूरच. प्लांते यांच्या प्लेटा तयार व्हायला महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज करावं लागे, ते काम या लेपाने फार लवकर होऊ लागलं. त्याच वर्षी फोर यांच्या चार्ज केलेल्या सेलची पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसन यांच्याकडे, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांच्याकडे, पोचली. तीन दिवसांचा प्रवास करूनही पेटीत वीज शिल्लक होती, आणि लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्याची चर्चा झाली.

पण माझ्या मते खरं वळण १८८२ चं आहे. जॉन ग्लॅडस्टन आणि आल्फ्रेड ट्राइब या दोन रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की बॅटरी वापरली जाताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि त्यासाठी ॲसिड खर्च होतं. म्हणजे ॲसिड किती घट्ट उरलंय ते मोजा, बॅटरी किती भरलीय ते कळेल! तपासायला हायड्रोमीटर पुरतो. पाणी १ धरलं तर भरलेल्या सेलचं ॲसिड साधारण १.२८ आणि रिकाम्याचं १.१२ च्या आसपास. मोठी गोष्ट ही की हे प्रत्येक सेलमागे वेगळं कळतं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये २ व्होल्टचे २४ सेल एकसर जोडून ४८ व्होल्ट करत, अशा दोन रांगा समांतर ठेवत आणि सेलनिहाय नोंदी रजिस्टरमध्ये लिहीत. एखाद्या सेलचा आकडा सतत घसरायला लागला की तो पकडला जाई. रांग पूर्ण तपासायची तर ती आधी दुसरीपासून सोडवून घेत.

मग ही खिडकी बंद झाली. १९५७ मध्ये जर्मनीच्या सोन्नेनशाइन कंपनीत ओटो याखे यांनी ॲसिडची जेली केली. १९७० च्या दशकात अमेरिकेत काचेच्या तंतूंच्या चटईत ॲसिड शोषून ठेवणाऱ्या बॅटऱ्या आल्या. गळत नाहीत, पाणी घालायला नको, सोय मोठी. पण झाकणच उघडत नाही, तर हायड्रोमीटर बुडवणार कुठे? यूपीएसमधल्या बॅटऱ्या बहुतेक याच जातीच्या असतात. हातात उरतो सहा सेलच्या बेरजेचा एक आकडा, आणि समांतर जोडल्यावर तोही सगळ्यांचा मिळून एकच.

हे धोक्याचं का आहे ते बघा. एका बॅटरीतला एक सेल शॉर्ट झाला, तर सहाच्या जागी पाच उरले. त्या बॅटरीला १०.६ व्होल्टच्या आसपास राहायचं असतं, शेजारणीला १२.७ ला. त्यांना जोडणाऱ्या वाटेचा एकूण रोध ०.०२ ओहम धरला, तर पहिल्या क्षणी १०० ॲम्पियरच्या आसपास करंट आजारी बॅटरीत शिरतो. चार्जर १४.४ व्होल्ट देतो तेव्हा निरोगी सेलच्या वाट्याला २.४ यायला हवेत; इथे पाचांत वाटणी होऊन २.८८ येतात. उष्णता, हायड्रोजन, फुगलेला डबा. बंद खोलीत हे नको.

म्हणून तपासणीचा पहिला नियम: आधी सगळ्या सुट्या करा. मोकळ्या हवेत, डोळ्यांवर चष्मा लावून. प्रत्येक बॅटरी वेगळी पूर्ण चार्ज करा आणि दिवसभर तशीच ठेवा. १२.७ च्या जवळ राहिली तर पुढे जायचं, १०.६ वर आली तर रिसायकलवाल्याकडे. बरं, दाब चांगला म्हणजे बॅटरी चांगली असं अजूनही नाही. खरा निकाल लोड लावूनच लागतो. १०० ॲम्पियर-तासांच्या बॅटरीवर लिहिलेला आकडा बहुतेक २० तासांच्या हिशोबाचा असतो, म्हणजे ५ ॲम्पियर. गाडीचा १२ व्होल्ट, ६० वॅटचा बल्ब जवळजवळ तेवढाच घेतो. बल्ब लावा, १०.५ व्होल्टपर्यंत किती तास जातात ते लिहा. घाईने मोठा लोड लावाल तर आकडा कमीच येईल. १८९७ मध्ये विल्हेल्म पॉयकर्ट यांनी हे सूत्रात बसवलं होतं. टेलिकॉममध्ये क्षमता ८० टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलण्याची शिफारस असते, म्हणून स्वस्तात मिळालेल्या मालात ६० टक्के निघाले तरी दचकू नका.

जवळपास सारखे तास देणाऱ्याच एकत्र ठेवा. दोन आठवडे पडून ज्यांचा दाब घसरला, त्या काढा. उरलेल्या पुन्हा एकेक पूर्ण भरा, आणि जोडताना दोन प्लसच्या मध्ये तोच बल्ब थोडा वेळ ठेवा. फरक मोठा असेल तर बल्ब पेटेल आणि करंटही त्यातूनच जाईल. तारा सारख्या लांबीच्या हव्यात. लोडचा प्लस पहिल्या बॅटरीवरून आणि मायनस शेवटच्या बॅटरीवरून घ्या, नाहीतर पहिलीच सगळा भार ओढत राहते. प्रत्येकीच्या तारेत वेगळा फ्यूज टाका.

आणि एकदा जोडल्यावर मल्टिमीटरने दाब बघत बसू नका. डीसी चालणारा क्लॅम्प मीटर घ्या, प्रत्येक बॅटरीच्या तारेभोवती धरा. लोड चालू असताना तिघींचे आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. लोड आणि चार्जर दोन्ही बंद असताना एकीतून दुसरीत करंट जात असेल, तर तीच बॅटरी सुटी करून पुन्हा बल्बाला लावा.