हरवलेल्या गिटारीचा माग

राजघराण्यातील तलवारीचा किंवा जवाहिराचा इतिहास लिहिला जातो, याचे आपणांस नवल वाटत नाही. ती वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, हे जुन्या दप्तरांतून शोधता येते. एका साध्या वाद्याचा मागही तितक्याच निष्ठेने काढला जावा, ही गोष्ट मात्र आपल्या काळाची. ते वाद्य म्हणजे ‘बीटल्स’ या इंग्रज वाद्यवृंदातील पॉल मॅकार्टनी यांची बेस गिटार.

१९६१ साली हे तरुण वादक जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदराच्या रंगेल वस्तीत रात्र रात्र वाजवीत असत. खर्जाची बाजू सांभाळणारे स्टुअर्ट सटक्लिफ वृंद सोडून गेले आणि ते काम मॅकार्टनी यांच्याकडे आले. त्यांनी तेथेच सुमारे ३० पौंडांना हॉफनर कंपनीची गिटार घेतली. ते डावखुरे. तिचा व्हायोलिनसारखा, दोन्ही अंगांनी सारखा आकार डावखुऱ्याच्या हातीही विचित्र दिसत नसे, हे तिच्या निवडीचे एक कारण. ‘लव्ह मी डू’ आणि ‘शी लव्हज यू’ या आरंभीच्या गीतांत तिचाच नाद आहे. १९६३ साली त्याच घडणीची दुसरी गिटार आली. पहिली डागडुजी होऊन राखीव राहिली.

पुढे ती नाहीशी झाली. १९६९ च्या जानेवारीतील चित्रीकरणात ती दिसते. म्हणून ती त्याच सुमारास चोरीस गेली असावी, असा समज रूढ झाला. इतिहासात ही चूक वारंवार घडते. अखेरचा पुरावा ज्या दिवसाचा, तोच अखेरचा दिवस असे आपण धरून चालतो.

२०२३ साली हॉफनर कंपनीशी संबंधित एका जाणकाराने दोन पत्रकारांच्या साहाय्याने जाहीर शोध आरंभिला आणि लोकांना आठवणी कळविण्याचे आवाहन केले. जे कागदात नव्हते ते माणसांच्या स्मृतीत होते. मॅकार्टनी यांच्या ‘विंग्ज’ या नंतरच्या वृंदाच्या एका ध्वनितंत्रज्ञाने सांगितले, की १० ऑक्टोबर १९७२ च्या रात्री लंडनच्या नॉटिंग हिल भागात उभ्या असलेल्या गाडीतून ती चोरीस गेली. चोराने ती जवळच्याच एका मद्यालयाच्या चालकास विकली. पुढे हात बदलत ती समुद्रकाठच्या हेस्टिंग्ज गावी एका घराच्या माळ्यावर येऊन पडली. तेथेच ती सापडली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती मूळ धन्याकडे परतल्याची वार्ता जाहीर झाली.

तिची कीर्ती वाढत गेली, तसतसे तिला उघड्यावर आणणे अवघड होत गेले असणार. ज्यांच्याकडे ती होती त्यांच्या हाती ताबा होता. मालकी मिरविण्याची सोय नव्हती. ताबा आणि मालकी यांतील हे अंतर ५१ वर्षांचे ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या सभागृहात, ८२ वर्षांच्या मॅकार्टनी यांनी ती पुन्हा गळ्यात अडकवून वाजविली. वाद्य कोणाचे, या प्रश्नाला याहून समर्पक उत्तर कोणत्याही दप्तरात मिळाले नसते.