बिलगावचे पाणी आणि भौतिकशास्त्राची पदवी

आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. अमेरिकेच्या अवकाशसंस्थेतील एक अभियंता गावी येतो, वाहत्या पाण्यावर वीज निर्माण करतो आणि एका म्हातारीच्या चेहऱ्यावर दिव्याचा उजेड पडतो. हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी वर्गात उदाहरणादाखल सांगितला असेल. चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीत झाले. या कथेमागची एक प्रेरणा मात्र सातपुड्यात, धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे आहे, हे सहसा सांगितले जात नाही. भौतिकशास्त्रातील संशोधनपदवीचा विचार करताना मला या गावापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

सरकारदरबारी अक्राणी असे नाव असलेला हा तालुका नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नर्मदेच्या काठापर्यंत पसरलेला आहे. वस्ती प्रामुख्याने पावरा आणि भिल्ल समाजाची. घरे डोंगरउतारावरच्या पाड्यांत विखुरलेली. विजेच्या तारा अनेक पाड्यांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या, त्या काळात, २००३ साली, बिलगावच्या लोकांनी उदई नदीच्या पाण्यावर पंधरा किलोवॅट क्षमतेचा लघुजलविद्युत प्रकल्प उभा केला. यंत्ररचना केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या गटाच्या तरुण अभियंत्यांची, पाठबळ नर्मदा बचाओ आंदोलनाचे आणि ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेचे, आणि श्रम गावकऱ्यांचे होते.

पंधरा किलोवॅट म्हणजे नेमके किती? दर सेकंदाला दीडशे लिटर पाणी दहा मीटर उंचीवरून खाली येत असेल, तर घर्षण आणि यंत्रातील गळती सोडून साधारण एवढी शक्ती मिळते. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा हा गुणाकार शाळेच्या पुस्तकातला आहे. कठीण असते ते पुढचे. उन्हाळ्यात प्रवाह किती उरेल, पावसाळ्यात गाळ किती येईल, संध्याकाळी सगळ्या घरांतले दिवे एकदम लागले की यंत्राची गती कशी सांभाळायची, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात तयार मिळत नाहीत. ती त्या नदीपाशी उभे राहून मोजावी लागतात. संशोधन या शब्दाचा व्यवहारातला अर्थ याहून फार वेगळा नाही.

‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’चे संस्थापक रवी कुचिमंची हे मुंबईच्या आयआयटीतून स्थापत्य अभियांत्रिकी शिकून अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवली. विद्यार्थी असतानाच, १९९१ साली, त्यांनी ही संस्था सुरू केली. त्यांचा विषय मूलकणांचा सिद्धान्त. राबिंद्र मोहपात्रा यांच्यासह लिहिलेला त्यांचा १९९३ चा निबंध निसर्गातील डाव्या-उजव्या सममितीविषयी आहे. या विषयाचा जलचक्राशी सुतराम संबंध नाही. तरीही भारतात परतल्यावर त्यांनी वीज नसलेल्या गावांतील शाळांसाठी पायाने चालवायचे जनित्र विकसित केले. मला वाटते, पदवीने त्यांना बिलगावसाठी लागणारी माहिती दिली नसेल, पण ज्याचे उत्तर कुणालाच ठाऊक नाही अशा प्रश्नापुढे टिकून राहण्याची सवय दिली असावी. चित्रपटाने मात्र अभियंते, कार्यकर्ते आणि श्रमदान करणारे गावकरी या साऱ्यांचे काम एका नायकात सामावून टाकले. कथेची ती गरज असेल, इतिहासाची नाही.

मग ज्या तालुक्यात प्रश्न होता, त्या तालुक्यातील मुलाने ही पदवी मिळवायची तर वाट कोणती होती?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, पण आरंभीची अनेक दशके त्याचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे होते. विज्ञान संशोधनाला योग्य अशी ‘रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स’ ही संस्था मुंबईत उभी राहिली ती १९२० साली. खानदेशात संशोधनाला वाहिलेली संस्था त्याही आधी, १९१६ साली, अमळनेरला निघाली. प्रताप शेठजींचे ते तत्त्वज्ञान मंदिर साने गुरुजींमुळे आपल्या परिचयाचे आहे. म्हणजे या भूमीत ब्रह्मजिज्ञासेला आसरा मिळाला. पदार्थजिज्ञासेला आणखी बराच काळ मुंबई गाठावी लागली. १९४९ साली पुणे विद्यापीठ आले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. आज बहिणाबाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाने धडगावचे अंतर पुष्कळच कमी केले.

पण अंतर केवळ किलोमीटरचे नसते. १९३३ साली भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या कमला भागवत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी, त्या स्त्री आहेत म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. पुढे त्यांनी केंब्रिजला जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. केली (१९३९) आणि कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. यातला विरोधाभास असा की, स्वतः रामन यांनी कुणाच्या मार्गदर्शनाखाली प्रबंध लिहून पदवी मिळवलेली नव्हती. १९०७ साली एम. ए. झाल्यावर अर्थखात्यातली नोकरी सांभाळत, सकाळ-संध्याकाळ कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत राबून ते संशोधक झाले होते. पदवीविना संशोधन कसे होते हे ज्याने दाखवले, त्यानेच पदवीच्या दारात एका मुलीला अडवले.

कमलाबाई या दुर्गा भागवतांच्या धाकट्या भगिनी. दुर्गाबाईही संशोधनासाठी मध्य प्रांतातील आदिवासी मुलखात हिंडल्या, विषारी सुरणाच्या बाधेने वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळल्या आणि त्यांची पीएच.डी. राहून गेली. एका घरातल्या दोन बहिणी. एकीला पदवी मिळाली, दुसरीला नाही. संशोधक दोघीही होत्या, हे मराठीच्या विद्यार्थ्याला पटवून द्यावे लागत नाही.

तरी पदवी गौण आहे, असे म्हणणे सोपे आणि अन्यायाचे ठरेल. दुर्गाबाईंना ग्रंथालय पुरले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला उपकरण लागते, आणि उपकरणाच्या खोलीची किल्ली पदवीसाठी नोंदणी झाल्यावरच हाती येते. आपल्याकडच्या विद्यापीठांत पातळ पटलांवर, म्हणजे काचेच्या पट्टीवर चढवलेल्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म थरांवर, पुष्कळ प्रबंध होतात. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून असा थर तुलनेने स्वस्तात तयार करता येतो. त्याची स्फटिकरचना तपासायला मात्र क्ष-किरणांचे महागडे यंत्र हवे आणि त्यासाठी रांग. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे दिली जातात. एम. फिल.ची मधली पायरी त्याच नियमांनी काढून टाकली. घरी शेतीला माणूस हवा असताना सहा वर्षे रांगेत उभे राहणे ही ज्याची त्याची ऐपत असते.

भाषेचे ओझे वेगळेच. धडगावच्या मुलाची घरची बोली पावरी किंवा भिलोरी, शाळेची भाषा मराठी, प्रबंधाची इंग्रजी. प्रत्येक वळणावर त्याला आपला प्रश्न नव्याने उच्चारायला शिकावे लागते. जयंत नारळीकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘चार नगरांतले माझे विश्व’ असे नाव दिले. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती नगरे. संशोधक कसा घडतो याचा तो मराठीतला मोलाचा दस्तऐवज आहे. पाड्यावरून निघालेल्या संशोधकाचे तसे पुस्तक माझ्या वाचनात अजून आलेले नाही.

काही वर्षांपूर्वी अक्राणी भागातला एक विद्यार्थी एम. एस्सी.चा प्रकल्प-अहवाल घेऊन माझ्याकडे आला होता. भौतिकशास्त्र मला कळणार नाही, हे त्याला ठाऊक होते. शंका फक्त ऋणनिर्देशाबद्दल होती. आईवडिलांचे आभार पावरीत लिहिले तर चालेल का? इंग्रजीतले त्यांना वाचून दाखवले तरी कळणार नव्हते. मी नियम पाहिले. त्यांत मनाईही नव्हती आणि परवानगीही. लिही, म्हणालो. त्याने देवनागरीत दोन ओळी लिहिल्या. त्यांतला एक शब्द मला अडला आणि त्याने तो समजावून सांगितला.

बिलगावचा प्रकल्प २००६ साली सरदार सरोवराच्या फुगवट्यात बुडाला. पडद्यावरचा दिवा अजून दरवेळी लागतो. उदईच्या काठी मोजायचे प्रश्नही संपलेले नाहीत. ते मोजायला पुढच्या वेळी बाहेरूनच कुणी यावे लागेल की त्या दोन ओळी लिहिणाऱ्यांपैकी कुणी परत येईल, हे आपल्या विद्यापीठांनी प्रयोगशाळेची किल्ली कुणाच्या हाती दिली, त्यावर ठरेल.